जुनंच पान दिसतंय! ब्राउझर कॅशेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान वेबसाइट सांभाळणाऱ्यांसाठी आहे. साइट कॉलेजची असो, सोसायटीची असो की एखाद्या दुकानाची, तक्रार तीच येते: "आम्हाला अजून जुनंच दिसतंय." हेडर (पानासोबत सर्व्हर आणि ब्राउझर एकमेकांना पाठवतात त्या सूचनांच्या ओळी) आणि कमांडची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. सर्व्हरवर ती रोमन अक्षरांत आणि मधल्या जोडरेघेसकट टाइप करायची.

सर्व्हरवर नवी फाइल चढवली, माझ्या मशीनवर नवं दिसतं, लोकांना मात्र जुनंच. असं का?

कारण लोकांचा ब्राउझर तुमच्या सर्व्हरपर्यंत आलेलाच नाही. आधीच्या भेटीत मिळालेली प्रत त्याच्या कॅशेत, म्हणजे साठवणीत, आहे, तिची मुदत संपलेली नाही, म्हणून तो तीच दाखवतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या भेटीची नोंदही सापडणार नाही.

तुमच्या मशीनवर नवं दिसतं कारण तुम्ही दिवसभर कंट्रोल-शिफ्ट-आर दाबत असता, किंवा डेव्हलपर टूल्स उघडी ठेवून त्यातला 'डिसेबल कॅशे' हा चौकोन टिक केलेला असतो. तो चौकोन टूल्स उघडी असेपर्यंतच लागू असतो. खरी तपासणी करायची तर टूल्स बंद करा, आधी एकदा जुनं पान उघडा, मग बदल चढवा आणि लिंकवर क्लिक करून त्या पानावर जा. रिफ्रेश दाबू नका, कारण सामान्य वाचक रिफ्रेश दाबत नाही.

एक गोष्ट पुढच्या सगळ्या उत्तरांना लागू आहे: एकदा मुदत देऊन पाठवलेलं पान सर्व्हरला परत बोलावता येत नाही. बंदोबस्त करायचा तो पाठवण्याआधी.

पण आम्ही कुठलीच मुदत दिली नव्हती. ब्राउझरने परस्पर कशी ठरवली?

बहुतेक लहान साइटवर नेमकं हेच घडतं. कॅशे-कंट्रोल किंवा एक्स्पायर्स हेडर नसेल, तर अंदाजाने मुदत ठरवायची मुभा एचटीटीपीच्या नियमांनीच ब्राउझरला दिली आहे. सध्याचा नियम आरएफसी ९१११ हा आहे, जून २०२२ चा. फाइल शेवटची बदलल्याला जितका काळ लोटला, त्याच्या १० टक्के काळ ती ताजी धरावी, असा अंदाज त्यात सुचवला आहे आणि ब्राउझर साधारण तसंच वागतात.

हिशोब करून बघू. प्रवेशाचं वेळापत्रक असलेलं पान १ मार्चला चढवलं आणि नंतर त्याला हात लावला नाही. एका पालकाने ते ९ जूनला उघडलं. मधे १०० दिवस गेले, त्याचे १० टक्के म्हणजे १० दिवस. तुम्ही १० जूनला तारखा बदलल्या, तरी त्या पालकाचा ब्राउझर १९ जूनपर्यंत सर्व्हरला न विचारता जुन्या तारखा दाखवू शकतो. म्हणजे पान जितकं जास्त दिवस स्थिर, तितका बदल उशिरा पोचणार. वर्षातून एकदाच बदलणाऱ्या महत्त्वाच्या पानांबाबत नेमकी हीच पंचाईत होते.

म्हणून मुदत द्यायची नसेल, तर 'देत नाही' हेसुद्धा हेडरमध्ये लिहावं लागतं.

मग कोणतं हेडर द्यायचं?

साध्या एचटीएमएल पानांसाठी एवढं पुरे:

कॅशे-कंट्रोल: नो-कॅशे

नावावरून वाटतं तसं हे साठवण्याला मनाई करत नाही. प्रत ठेव, पण वापरण्याआधी दर वेळी सर्व्हरला विचार, असा त्याचा अर्थ आहे. बातम्या, सूचना, दरपत्रक, वेळापत्रक या सगळ्यांना हेच योग्य.

प्रत अजिबात ठेवायची नसेल, तर नो-स्टोअर. खात्यातली शिल्लक, वैद्यकीय अहवाल, मार्कशीट, आधारचे तपशील असलेली पानं यातच ठेवा. बाकी साइटला सरसकट नो-स्टोअर लावू नका. त्यामुळे प्रत्येक भेटीत सगळं पुन्हा उतरवावं लागतं आणि मागे-पुढे जाणंही मंदावतं.

थोडं शिळं चालत असेल, तर मॅक्स-एज सेकंदांत द्या. मॅक्स-एज=३०० म्हणजे ५ मिनिटं. मुखपृष्ठावर गर्दी असेल तर हा बरा तोडगा आहे, फक्त '५ मिनिटं जुनं दिसू शकतं' हे संपादकांना आधी सांगून ठेवा, नाहीतर प्रत्येक बातमीनंतर फोन येईल.

नो-कॅशे, नो-स्टोअर, मस्ट-रीव्हॅलिडेट, पोस्ट-चेक, प्री-चेक अशी लांबलचक ओळ सगळीकडे दिसते. तीच का टाकू नये?

टाकली तर मोडत काही नाही, पण त्यातलं निम्मं निरर्थक आहे. पोस्ट-चेक आणि प्री-चेक ही जुन्या इंटरनेट एक्स्प्लोररची खास भर होती. या ओळीसोबत दिसणारं प्रॅग्मा: नो-कॅशे हे एचटीटीपी १.० च्या काळातलं, आणि तेसुद्धा ब्राउझरने सर्व्हरला पाठवायचं. उत्तरात त्याचा अर्थ नियमांनी ठरवलेलाच नाही. नो-स्टोअर आलं की साठवायचंच नाही, मग मस्ट-रीव्हॅलिडेटने तपासायचं काय? अशी ओळ दिसली की ती कुठून तरी उचलून चिकटवली आहे एवढं मात्र कळतं.

एचटीएमएलच्या हेडमध्ये मेटा टॅग टाकला तर?

त्याच्यावर विसंबू नका. एचटीटीपी-इक्विव्ह वापरून लिहिलेला कॅशे-कंट्रोलचा मेटा टॅग आजचे ब्राउझर कॅशेसाठी पाळत नाहीत, आणि मधले सीडीएन (साइटच्या प्रती ठेवून वाटणारे सर्व्हर) तर एचटीएमएल वाचतही नाहीत. शिवाय पीडीएफ, चित्र किंवा जेसनमध्ये मेटा टॅग टाकणार कुठे?

दर वेळी सर्व्हरला विचारायचं तर साइट हळू नाही होणार?

विचारणं आणि पुन्हा उतरवणं यात मोठा फरक आहे. सर्व्हर पहिल्या उत्तरासोबत ईटॅग म्हणजे त्या मजकुराची खूण पाठवतो, किंवा लास्ट-मॉडिफाइड म्हणजे बदलाची वेळ. पुढच्या भेटीत ब्राउझर ती खूण इफ-नन-मॅच या हेडरमध्ये परत धाडतो. मजकूर तोच असेल तर सर्व्हर ३०४ असं उत्तर देतो आणि त्यात मजकूर नसतो. २०० केबीच्या पानाऐवजी काहीशे बाइट जातात. खर्च होतो तो एका फेरीचा.

यात बिघाड दोन ठिकाणी होतो. एक, साइट दोन-तीन सर्व्हरवर विभागलेली असते. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ईटॅग बनवतो तो फाइलची बदलाची वेळ आणि आकार यांवरून. प्रत्येक सर्व्हरवर फाइल वेगळ्या क्षणी कॉपी झाली की खुणा जुळत नाहीत आणि ३०४ मिळायच्या जागी पूर्ण पान पुन्हा येतं. कॉपी करताना मूळ वेळ कायम राहील असं बघा. फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकला 'ए' हा पर्याय दिला की ती राहते.

दुसरा बिघाड उलट दिशेचा. लास्ट-मॉडिफाइडमध्ये सेकंदापर्यंतच अचूकता असते. काही डिप्लॉय (फाइली सर्व्हरवर चढवायची) साधनं सगळ्या फाइलींना एकच ठरावीक वेळ देतात. अशा वेळी मजकूर बदलूनही वेळ तीच राहते, आकारही योगायोगाने तोच निघाला (तारखेतला १५ बदलून १६ केला, एवढंच) तर सर्व्हर बिनधास्त ३०४ देतो. पान बदललंय आणि तरी ३०४ येतंय असं दिसलं की आधी फाइलची वेळ तपासा.

पान नवं येतं, पण रंग-मांडणी जुनी. सीएसएसचं काय करायचं?

सीएसएस, जावास्क्रिप्ट, फॉन्ट, लोगो यांच्यासाठी पानाच्या उलट धोरण ठेवा: पत्ता बदलता ठेवा आणि मुदत भरपूर द्या. एचटीएमएल दर वेळी ताजं येतं, त्यात नवा पत्ता असतो, आणि नव्या पत्त्याची प्रत ब्राउझरकडे नसल्यामुळे त्याला ती आणावीच लागते.

पत्ता बदलायचे दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग म्हणजे स्टाइल.सीएसएस पुढे प्रश्नचिन्ह लावून व्ही=१२ असा आकडा. वर्डप्रेसमध्ये डब्ल्यूपी_एनक्यू_स्टाइलचं चौथं आर्ग्युमेंट यासाठीच आहे. तिथे हाताने आकडा लिहिण्यापेक्षा फाइलमटाइम हे फंक्शन द्या, म्हणजे फाइल सेव्ह झाली की आकडा आपोआप बदलतो. हाताने लिहिलेला आकडा वाढवायला कोणीतरी विसरतंच.

पक्का मार्ग म्हणजे मजकुरावरून काढलेला हॅश (मजकूर बदलला की बदलणारी अक्षरांची खूण) फाइलच्या नावातच घालणं. व्हीट, वेबपॅक ही साधनं ते करून देतात. अशा फाइलींना हे हेडर द्या:

कॅशे-कंट्रोल: पब्लिक, मॅक्स-एज=३१५३६०००, इम्म्युटेबल

३१५३६००० सेकंद म्हणजे ३६५ दिवस. ही ओळ फक्त नावात हॅश असलेल्या फाइलींनाच लावायची. इंडेक्स.एचटीएमएलला ती चुकून लागली तर काय होतं, ते शेवटून दुसऱ्या प्रश्नात आहे.

हॅशची नावं वापरायला लागल्यापासून काहींना पांढरं पान दिसतं. का?

डिप्लॉय करताना जुन्या फाइली लगेच पुसल्या म्हणून. कोणीतरी सकाळपासून टॅब उघडा ठेवलेला असतो. त्यातलं जुनं एचटीएमएल जुन्याच नावाचा तुकडा मागतं, तो सर्व्हरवर नसतो, आणि कन्सोलमध्ये 'चंक लोड एरर' येते. काही सर्व्हर तर न सापडलेल्या प्रत्येक पत्त्याला इंडेक्स.एचटीएमएल देतात, मग जावास्क्रिप्टच्या जागी एचटीएमएल येऊन आणखी गोंधळ उडतो.

उपाय क्रमाचा आहे. आधी नव्या हॅशच्या फाइली चढवा, मग एचटीएमएल बदला, आणि जुन्या फाइली निदान आठवडाभर राहू द्या. डिस्कवर थोडी जागा अडेल, अडू द्या.

एनजिनएक्स आणि अपाचेमध्ये हे कसं लिहायचं?

एनजिनएक्समध्ये एचटीएमएलच्या लोकेशन ब्लॉकात:

अ‍ॅड_हेडर कॅशे-कंट्रोल "नो-कॅशे" ऑलवेज;

'एक्स्पायर्स -१;' लिहिलं तरी तेच हेडर जातं. शेवटचा 'ऑलवेज' गाळू नका. तो नसेल तर ४०४ (पान सापडलं नाही) आणि ५०० (सर्व्हरची चूक) या उत्तरांना हेडर लागत नाही.

इथे हमखास फसवणारी गोष्ट वारशाची आहे. वरच्या सर्व्हर ब्लॉकात तुम्ही चार अ‍ॅड_हेडर लिहिले आणि आतल्या लोकेशनमध्ये एक जरी नवा लिहिला, तर वरचे चारही त्या लोकेशनसाठी गळतात. कॅशेचं हेडर घालताना सुरक्षेची हेडरं गुपचूप गेली, असं यातूनच होतं. सगळी हेडरं वेगळ्या फाइलीत ठेवून प्रत्येक लोकेशनमध्ये इन्क्लूड करणं हा सरळ उपाय.

अपाचेमध्ये मॉड_हेडर्स चालू करा आणि एचटीअ‍ॅक्सेस फाइलीत फाइल्समॅच ब्लॉक घालून 'हेडर सेट कॅशे-कंट्रोल "नो-कॅशे"' लिहा. ब्लॉक एचटीएमएलपुरता असेल तर पीएचपीची पानं त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी ब्लॉकच्या पॅटर्नमध्ये पीएचपी जोडा किंवा कोडमधून हेडर पाठवा, तेही पहिलं अक्षर छापण्याआधी.

आमच्या हेडरमध्ये १९ नोव्हेंबर १९८१ अशी तारीख येते. हॅकिंग झालंय का?

नाही. पीएचपीमध्ये सेशन_स्टार्ट (वाचकाची भेट लक्षात ठेवणारं फंक्शन) चाललं की भाषा स्वतःहून एक्स्पायर्समध्ये ही भूतकाळातली तारीख आणि सोबत नो-स्टोअर पाठवते. प्रत्येक पानावर सेशन सुरू करणाऱ्या साइटवर अशाने सगळीच पानं नो-स्टोअर होतात. नको असेल तर सेशन_स्टार्टच्या आधी सेशन_कॅशे_लिमिटरला रिकामी स्ट्रिंग द्या आणि स्वतःचं हेडर लिहा.

एक्स्पायर्स बरोबर दिलं होतं, तरी पान साडेपाच तास जास्त टिकलं.

एक्स्पायर्समधली वेळ जीएमटीत द्यायची असते. कोडमध्ये भारतीय वेळ काढून तिच्यापुढे 'जीएमटी' चिकटवलं की मुदत बरोबर साडेपाच तासांनी लांबते. पीएचपीत डेट ऐवजी जीएमडेट वापरा. त्याहून बरं म्हणजे एक्स्पायर्स सोडून मॅक्स-एज द्या. दोन्ही असतील तर मॅक्स-एजच धरलं जातं, आणि घड्याळाचा प्रश्नच मिटतो.

पीडीएफ त्याच नावाने बदलली. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या लिंकवरून जुनीच उघडते.

लिंक फिरलेली आहे म्हणजे पत्ता बदलणं आता हातात नाही, आणि पीडीएफला कोणी हेडर देत नाही, त्यामुळे वरचा १० टक्क्यांचा अंदाज लागू होतो. पीडीएफ असलेल्या फोल्डरला नो-कॅशे लावा. आधी उघडलेल्यांना याचा उपयोग मुदत संपल्यावरच होईल, नव्यांना लगेच.

यापुढे सूचना काढताना लिंक पीडीएफची न देता त्या पानाची द्या जिथून पीडीएफ उघडते. पान नो-कॅशे, आणि प्रत्येक सुधारित पीडीएफला तारखेसह नवं नाव. परीक्षेच्या वेळापत्रकांना तर हीच पद्धत हवी. आणि फोनमध्ये डाउनलोड होऊन पडलेल्या पीडीएफवर कुठल्याच हेडरचा इलाज नाही, म्हणून पहिल्या पानावर 'सुधारित' आणि तारीख ठळक छापा.

लॉगआउट केल्यावर बॅक बटण दाबलं की आधीच्या माणसाची माहिती दिसते.

सायबर कॅफे, महा ई-सेवा केंद्र, बँकेतला सामायिक संगणक अशा जागी हे गंभीर आहे. नो-कॅशे इथे पुरत नाही. बॅक दाबल्यावर ब्राउझर इतिहासातलं पान दाखवतो आणि त्यासाठी पुन्हा विचारण्याचं बंधन पाळेलच असं नाही. शिवाय आजच्या ब्राउझरमध्ये बॅक-फॉरवर्ड कॅशे ही वेगळीच जागा आहे. त्यात पान जावास्क्रिप्टच्या स्थितीसकट जसंच्या तसं गोठवून ठेवलेलं असतं. फायरफॉक्स आणि सफारीत ती बरीच वर्षं आहे, डेस्कटॉपवरच्या क्रोममध्ये २०२१ च्या ९६ व्या आवृत्तीपासून आली.

तीन गोष्टी एकत्र करा. लॉगइनमागच्या पानांना नो-स्टोअर. लॉगआउटच्या उत्तरात क्लिअर-साइट-डेटा हेडर, त्यात "कॅशे", "कुकीज" आणि "स्टोरेज" दुहेरी अवतरणांसह. अवतरणं नसतील तर ब्राउझर ते मानत नाही, आणि साइट एचटीटीपीएसवर असावी लागते. तिसरी, पेजशो या इव्हेंटवर लक्ष ठेवून इव्हेंट.पर्सिस्टेड खरं असेल तर सेशन जिवंत आहे का ते तपासा, नसेल तर लोकेशन.रीलोड. अनलोड इव्हेंट टाकून बॅक-फॉरवर्ड कॅशे बंद पाडायची जुनी युक्ती वापरू नका. क्रोम तो इव्हेंटच टप्प्याटप्प्याने काढत आहे. आणि क्रोमने अलीकडे काही अटींवर नो-स्टोअरची पानंही या जागेत ठेवायला सुरुवात केली आहे, त्यामुळे एकट्या नो-स्टोअरवर भिस्त नको.

एका ग्राहकाला दुसऱ्याच ग्राहकाचं नाव दिसलं!

हातातलं काम सोडून आधी हे बघा. ब्राउझरचा कॅशे एकट्या माणसाचा असतो, त्यामुळे ही चूक सामायिक कॅशेची आहे: सीडीएन किंवा सर्व्हरवरचा पेज कॅशे. लॉगइन केलेल्याचं पान तिथे साठलं आणि पुढच्याला वाटलं गेलं. ताबडतोब तो कॅशे पूर्ण पुसा. मग अशा पानांना 'प्रायव्हेट, नो-स्टोअर' द्या, आणि कुकी असलेल्या विनंत्या कॅशेतून वगळा. 'कॅशे एव्हरीथिंग' असा नियम कोणीतरी वेग वाढवायला लावलेला सापडण्याची शक्यता मोठी आहे. वर्डप्रेसमध्ये कार्ट, चेकआउट आणि माय अकाउंट ही पानं प्लगइनच्या वगळलेल्या यादीत आहेत ना, ते स्वतः डोळ्यांनी बघा.

जुनं नेमकं कुठे अडकलंय, ते कसं शोधायचं?

बाहेरून आत या.

डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडा, 'डिसेबल कॅशे' काढून टाका, लिंकवरून पानावर जा आणि साइझचा रकाना वाचा. 'डिस्क कॅशे' किंवा 'मेमरी कॅशे' असेल तर प्रत ब्राउझरमधली. 'सर्व्हिसवर्कर' (साइटने ब्राउझरमध्ये बसवलेली, मागण्यांना मधेच उत्तर देणारी स्क्रिप्ट) असेल तर पुढचा प्रश्न वाचा. आकडा असेल तर उत्तर नेटवर्कवरून आलं.

नेटवर्कवरूनही जुनंच आलं तर टर्मिनलमध्ये कर्ल कमांड मोठ्या आय पर्यायासह चालवा. फक्त हेडर दिसतात. एज हेडरमध्ये आकडा असेल तर मधल्या कॅशेत ते उत्तर तितके सेकंद पडून आहे. क्लाउडफ्लेअर सीएफ-कॅशे-स्टेटसमध्ये हिट की मिस ते सांगतं, लाइटस्पीड एक्स-लाइटस्पीड-कॅशेमध्ये. क्लाउडफ्लेअर आपणहून एचटीएमएल साठवत नाही, सीएसएस-चित्रांसारख्या ठरावीक फाइलीच साठवतं. त्यामुळे एचटीएमएलला हिट दिसलं तर तुमच्याच खात्यात तसा नियम आहे.

मग पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि काहीही अक्षरं जोडून बघा. आता नवं आलं तर पेज कॅशे किंवा सीडीएन दोषी. तरी जुनंच आलं तर अडचण खोल आहे: ऑब्जेक्ट कॅशे (डेटाबेसमधून आणलेल्या माहितीचा साठा), डेटाबेस, किंवा पीएचपीचा ओपीकॅशे (तयार केलेल्या कोडचा साठा). ओपीकॅशेमध्ये व्हॅलिडेट_टाइमस्टॅम्प्स शून्य ठेवलं असेल तर फाइल बदलूनही जुना कोड चालत राहतो, पीएचपी-एफपीएम रीलोड करेपर्यंत. साफ करताना मात्र आतून बाहेर जा: आधी सर्व्हरचा कॅशे, मग सीडीएन, शेवटी ब्राउझर. उलट केलं तर सीडीएन पुन्हा जुनंच भरून घेतं.

साइट एचटीटीपीएसवर असेल तर मधली नेट कंपनी पान साठवून ठेवू शकत नाही. तिला दोष देण्यात वेळ घालवू नका.

सर्व्हिस वर्कर काढून टाकला, फाइलही पुसली, तरी जुनी साइट येतेच.

फाइल पुसली हीच चूक. ब्राउझर नव्या आवृत्तीसाठी ती फाइल मागतो, ४०४ आलं की अपडेट फसलं असं समजतो आणि जुना वर्कर चालूच ठेवतो. त्याच पत्त्यावर, त्याच नावाने एक लहान वर्कर परत ठेवा: इन्स्टॉलमध्ये स्किपवेटिंग, अ‍ॅक्टिव्हेटमध्ये सगळे कॅशे डिलीट आणि रजिस्ट्रेशन.अनरजिस्टर. तो महिनोन्‌महिने तिथेच राहू द्या, कारण काही लोक चार महिन्यांनी परत येतात.

वर्करची फाइल तपासताना ब्राउझर आता एचटीटीपी कॅशे वगळतो, आणि एरवीही २४ तासांपेक्षा जुनी प्रत धरत नाही. तरीही तिला नो-कॅशे लावून ठेवावं. आणि नाव मात्र कधी हॅशने बदलू नये.

३०१ रीडायरेक्ट (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर पाठवणी) चुकीचा दिला होता. काढला, तरी लोक तिकडेच जातात.

३०१ आणि ३०८ कायमचे समजले जातात, त्यामुळे ब्राउझर ते मुदतीशिवाय लक्षात ठेवतो. चाचणी होईपर्यंत ३०२ किंवा ३०७ वापरा, किंवा ३०१ सोबत मॅक्स-एज=३६०० द्या. आता झालेलं निस्तरायला, जिथे लोक चुकून पोचतात तो पत्ता तुमच्या ताब्यात असेल तर तिथून मूळ पत्त्यावर उलटा रीडायरेक्ट लावा. अशा फेऱ्यात ब्राउझर सहसा मूळ पत्ता पुन्हा सर्व्हरकडून मागून घेतो. चालतंय का ते आधी एका जुन्या फोनवर बघा.

जावास्क्रिप्टच्या फेच फंक्शनने आणलेला डेटा जुना येतो. पत्त्याला टाइमस्टॅम्प जोडू का?

चालतं, पण प्रत्येक मागणीची वेगळी प्रत साठत जाते. एपीआय (डेटा देणारा सर्व्हरवरचा पत्ता) तुमचाच असेल तर त्यालाच नो-कॅशे द्या. नसेल तर फेचमध्ये कॅशे: 'नो-स्टोअर' हा पर्याय द्या.

पान नवं, पण फायरफॉक्समध्ये फॉर्मात जुनेच आकडे दिसतात.

हा कॅशे नव्हे. रिफ्रेश केल्यावर फायरफॉक्स आधी भरलेली मूल्यं परत भरतो. त्या फॉर्मला ऑटोकम्प्लीट="ऑफ" द्या.

वाचकाला फोनवर काय करायला सांगायचं?

संगणकावर कंट्रोल-शिफ्ट-आर, मॅकवर क्रोम-फायरफॉक्समध्ये कमांड-शिफ्ट-आर, सफारीत कमांड-ऑप्शन-आर. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये असं बटण नाही. तिथे इन्कॉग्निटो टॅबमध्ये लिंक उघडून बघायला सांगा, पाच सेकंदांत निकाल लागतो. कायमचं हवं असेल तर ब्राउझिंग डेटा पुसायच्या पडद्यावर फक्त कॅशे केलेली चित्रं आणि फाइली हा पर्याय निवडायला सांगा. 'कुकीज'वरची टिक काढायला विसरले तर सगळीकडून लॉगआउट होतील आणि तोही राग तुमच्यावरच निघेल.

इंडेक्स.एचटीएमएलला वर्षभराची मुदत लागून गेली. आता?

पहिल्यांदा हेडर दुरुस्त करा, म्हणजे नव्याने कोणी अडकणार नाही. अडकलेल्यांसाठी, ते पान सर्व्हरकडून अजून काय मागतं ते शोधा. एपीआय कॉल, कमी मुदतीची स्क्रिप्ट, काहीही चालेल. त्या उत्तराला क्लिअर-साइट-डेटा: "कॅशे" लावा. सगळ्या ब्राउझरमध्ये ते सारखं चालत नाही, म्हणून जोडीला त्या स्क्रिप्टमध्येच मुखपृष्ठाचा पत्ता फेच करून कॅशे: 'रीलोड' हा पर्याय द्या. त्यामुळे ब्राउझर ते नेटवर्कवरून आणून जुन्या प्रतीच्या जागी बसवतो, आणि पुढच्या भेटीत बहुतेक वेळा नवं उघडतं. लोक साधं रिफ्रेश दाबतील तेव्हाही मुख्य पान तपासलं जातं.

पान सर्व्हरकडून काहीच मागत नसेल, तर ईमेल, एसएमएस, जाहिरात यांतल्या लिंका नव्या पत्त्यावर न्या. क्लिअर-साइट-डेटा काम झाल्यावर काढून टाका. राहिलं तर प्रत्येक भेटीत सगळा कॅशे पुसला जाईल आणि साइट मंदावेल.

फेव्हिकॉन काही केल्या बदलत नाही.

ब्राउझर फेव्हिकॉनची (टॅबवरच्या छोट्या चिन्हाची) नोंद बाकी कॅशेपासून वेगळी ठेवतात. फाइलला नवं नाव द्या आणि लिंक टॅगमध्ये ते लिहा. बुकमार्कमधला जुना आयकॉन बहुधा ते पान पुन्हा उघडल्यावरच बदलेल.